पिटचा सर्वांत मोठा बचावपटू: ह्यू ग्रीन की एरन डोनाल्ड?

पिट्सबर्गला एमएस करायला आलेल्या एका मराठी विद्यार्थ्याचा हा प्रश्न आहे. त्याच्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाद निघाला की पिटच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्गच्या, फुटबॉल संघात आजवर झालेला सर्वांत भारी बचावपटू कोण? पंचविशीतल्या सगळ्यांनी एरन डोनाल्डचं नाव घेतलं आणि विषय मिटला असं धरून चालले. साठी ओलांडलेले एक तंत्रज्ञ मात्र ह्यू ग्रीनवर अडून बसले. विद्यार्थ्याला दोन गोष्टी हव्यात: उत्तर, आणि असं उत्तर काढायचं कशावरून.

माझं उत्तर ह्यू ग्रीन. फरक थोडा आहे, पण ग्रीनच.

मी सांगलीकडचा. कॉलेज संपेपर्यंत कबड्डी खेळलो, डावा कोपरा सांभाळायचो. इकडे आल्यावर अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं आणि गेली सतरा वर्षं पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या हायस्कूलच्या पोरांना बचावाच्या पुढच्या रांगेत, डिफेन्सिव्ह लाईनवर, खेळायला शिकवतोय. डोनाल्डला मी हाइन्झ फील्डच्या वरच्या रांगांतून प्रत्यक्ष पाहिलंय. ग्रीनला फक्त जुन्या चित्रफितींत, तेही तेच तेच डाव दहा-दहा वेळा मागे घेऊन. म्हणजे जिव्हाळा मोजायचा तर माझं माप डोनाल्डकडेच झुकायला हवं. शिवाय तो पेन हिल्सच्या शाळेतला मुलगा. पिट्सबर्ग परिसरातल्या मराठी माणसाला पेन हिल्स म्हटलं की वेंकटेश्वराचं मंदिर आठवतं. आम्ही तिथे दर्शनाला जातो. त्याच गावातल्या हायस्कूलमधून हा मुलगा आला, त्यामुळे तो आपल्या गल्लीतला वाटतो. तरीही मी ग्रीन म्हणतोय, त्याला कारणं आहेत.

आधी प्रश्न नीट वाचायला हवा. 'पिटमधून बाहेर पडलेला सर्वांत मोठा बचावपटू' आणि 'पिटसाठी खेळलेला सर्वांत मोठा बचावपटू' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर डोनाल्ड, आणि त्यात वादाला जागाच नाही. २०१४ ते २०२३ असे दहा हंगाम तो रॅम्स संघाकडून एनएफएल, म्हणजे व्यावसायिक लीग, खेळला, १११ सॅक केले (आक्रमणाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक, त्याला चेंडू फेकायच्या आत मागे पाडणं म्हणजे सॅक), २०१७, २०१८ आणि २०२० असं तीन वेळा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत सुपर बाउल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. ही पुण्याई इतकी मोठी आहे की लोक त्याची कॉलेजची चार वर्षं उलट्या टोकाने बघतात. पुढे काय झालं ते माहीत असतं, म्हणून मागचं सगळंच सोन्याचं दिसतं. ग्रीनचं नेमकं याच्या उलट होतं. १९८१ मध्ये एनएफएलच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत टॅम्पा बे संघाने त्याला सातव्या क्रमांकावर उचललं, १९८२ आणि १९८३ मध्ये तो प्रो बाउलला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, निवडला गेला. १९८४ मध्ये मोटार अपघात झाला आणि त्यानंतर तो पहिला ग्रीन राहिला नाही. व्यावसायिक कारकीर्द चांगली, पण दंतकथा होईल इतकी नाही. त्यामुळे आजच्या पोरांना त्याचं नावही ठाऊक नसतं.

कॉलेजच्या संघाचा इतिहास विचारला असेल तर कॉलेजचंच मोजायचं. पुढचं सगळं बाजूला ठेवा.

आता डोनाल्ड. त्याची जागा समजून घेतल्याशिवाय त्याने काय केलं ते कळणार नाही. आक्रमण करणाऱ्या संघाचे पाच जण ओळीने उभे असतात: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. डोनाल्ड बहुतेक वेळा गार्डच्या बाहेरच्या खांद्यासमोर उभा राहायचा. ही जागा म्हणजे भर बाजारातला चौक. समोरून गार्ड येतो, आतून सेंटर येतो, कधी बाहेरून टॅकलही खाली आपटतो. चेंडू मागे गेला की एका क्षणात दोन माणसं अंगावर. उंची सहा फूट एक इंच, वजन दोनशे ऐंशी-पंच्याऐंशी पौंड. या जागेसाठी निवडकर्ते हे माप कमी धरतात. शाळेत असताना त्याला मोजक्याच कॉलेजांनी विचारलं, आणि पुढे एनएफएलच्या संघांनीही याच कारणाने त्याला तेराव्या क्रमांकापर्यंत खाली येऊ दिलं.

पण बुटकेपणाच त्याचं हत्यार होतं. लाईनवरच्या झुंजीत ज्याचा खांदा खाली तो जिंकतो. मी पोरांना पहिल्या आठवड्यात दुसरं काहीच शिकवत नाही. उंच माणसाला त्यासाठी वाकावं लागतं, डोनाल्ड मुळातच खाली होता. त्यात हात. समोरच्याचे हात छातीला लागायच्या आत तो ते झटकून टाकायचा. बारा वर्षांचा असल्यापासून वडील त्याला पहाटे साडेचारला उठवून घराच्या तळघरात वजनं उचलायला लावायचे, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय. आणि वेग: २०१४ च्या निवड चाचणीत चाळीस यार्ड ४.६८ सेकंदांत. एवढ्या वजनाचा माणूस असा पळाला की चौकात उभे असलेले दोघं नीट वळायच्या आत तो पलीकडे गेलेला असतो.

२०१३ चा त्याचा हंगाम मी आजही पोरांना दाखवतो. तेरा सामन्यांत ५९ टॅकल (इथे टॅकल म्हणजे जागा नव्हे, चेंडूवाल्याला धरून पाडणं), ११ सॅक, ४ वेळा चेंडू हातातून पाडला, आणि २८.५ वेळा समोरच्याला जिथून डाव सुरू झाला त्याच्याही मागे आडवा केला. मधल्या जागेवरून, दोघादोघांचा मार खात, सामन्याला दोनपेक्षा जास्त. त्या वर्षी देशात हा आकडा कुणाचाच नव्हता. नागुर्स्की, बेडनारिक, आउटलंड आणि लोम्बार्डी हे चारही मोठे सन्मान त्याने एका हंगामात घेतले.

त्यातला जॉर्जिया टेकविरुद्धचा सामना तर वेगळाच. टेक तेव्हा ऑप्शन पद्धतीने खेळायचं. या पद्धतीत क्वार्टरबॅक चेंडू कुणाला द्यायचा ते पळता पळता ठरवतो, आणि चेंडू बहुधा मधल्या माणसापासून दूर जातो. त्यात समोरचे खेळाडू तुमच्या गुडघ्यांवर झेप घेतात. मधल्या बचावपटूसाठी ही उपासमारीची दुपार. दोन-तीन टॅकल मिळाले तरी खूप. डोनाल्डने ११ टॅकल केले, त्यातले ६ मागच्या मागे, आणि दोनदा चेंडू पाडला. सामना मात्र पिट २१-१० ने हरलं.

हे हरणं पुन्हा पुन्हा येतं. डोनाल्डच्या चार वर्षांत पिटचे जिंकले-हरलेले सामने असे: ८-५, ६-७, ६-७, ७-६. मुख्य प्रशिक्षक तीन झाले: वॉनस्टेड, ग्रॅहम, क्रिस्ट. पहिली तीन वर्षं दर वर्षी नवी भाषा, नवी मांडणी. एकट्या माणसाने घराचं छप्पर धरून ठेवल्यासारखी ती वर्षं होती. २०१३ च्या शेवटी बोलिंग ग्रीन विद्यापीठाविरुद्धच्या बाउल सामन्यात (हंगाम संपल्यावरचा खास सामना) तर जेम्स कॉनर या पहिल्या वर्षाच्या धावणाऱ्या खेळाडूने २२९ यार्ड काढून पिटच्याच टोनी डॉर्सेटचा बाउलमधला विक्रम मोडला आणि त्याच सामन्यात बचावाच्या रांगेतही उभा राहिला. माणसं इतकी कमी होती. या हरण्याचा दोष डोनाल्डवर टाकणारा माणूस फुटबॉल बघत नाही, गुणफलक बघतो. मीही त्यावरून त्याचे गुण कापत नाही.

ग्रीन कुठून आला ते बघा. मिसिसिपी राज्यातलं नॅचेझ, नदीकाठचं दक्षिणेतलं गाव. १९७६ मध्ये पिटने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं, डॉर्सेटने हाइझमन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा सन्मान, जिंकला होता. पुढच्या वर्षीचा पहिलाच सामना नोटर डेमशी, घरच्या मैदानावर. त्या दिवशी पिटच्या क्वार्टरबॅकचं मनगट मोडलं आणि पिट १९-९ ने हरलं. पण शाळेतून नुकताच आलेला ग्रीन त्या सामन्यात ११ टॅकल आणि २ सॅक करून गेला, वर एक पंटही (पायाने दूर मारलेला चेंडू) अडवला. ते नोटर डेम त्या हंगामाअखेर राष्ट्रीय विजेतं झालं. पहिल्या दिवशी, अशा संघासमोर.

तिथून चार वर्षं तो सुरुवातीच्या अकरांत. १९७८, १९७९, १९८० अशी सलग तीन वर्षं सर्वसंमत ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम संघात निवड. हा सन्मान एकदा मिळवून लोक आयुष्यभर भिंतीवर टांगतात. तीनदा मिळवणारे या खेळाच्या इतिहासात फार थोडे. चारशेहून अधिक टॅकल, ५३ सॅक. शेवटच्या वर्षी लोम्बार्डी तर मिळालाच, पण मॅक्सवेल आणि वॉल्टर कॅम्प हेही मिळाले, आणि या दोन्हींचं वजन वेगळं आहे. ते फक्त बचावपटूंमधून निवडायचे सन्मान नाहीत. देशातल्या सगळ्या खेळाडूंमधून एकाची निवड असते. हाइझमनच्या मतदानात तो दुसरा आला. पहिला साउथ कॅरोलायनाचा जॉर्ज रॉजर्स, तिसरा जॉर्जियाचा हर्शल वॉकर. चेंडू हातात न घेणारा माणूस या दोघांच्या मधे. त्यानंतर मँटी टेओ आणि एडन हचिन्सन हे निव्वळ बचावपटू दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले, तेही अनुक्रमे २०१२ आणि २०२१ मध्ये.

ग्रीनची जागा टोकाची. आज ज्याला एज म्हणतात, तसा तो ओळीच्या बाहेरच्या टोकाला उभ्यानेच असायचा. सव्वादोनशे पौंडांच्या आसपासचा, सडसडीत. फितींमध्ये मला सगळ्यात आवडतं ते त्याचं थांबणं. टोकावरच्या तरुण खेळाडूची खोड अशी की चेंडू सुटला की तो आंधळेपणाने आत घुसतो आणि मागे मोकळं मैदान सोडतो. ग्रीन पहिली दोन पावलं झपाट्याने टाकतो, मग अर्धा क्षण वजन तोलून धरतो, डाव कुठे चाललाय ते वाचतो आणि मग सुटतो. एकदा सुटला की मैदानाच्या दुसऱ्या कडेला जाऊनही माणूस धरतो. धरण्यात बडेजाव नाही. कमरेखाली मिठी आणि पाय चालू. कबड्डीच्या कोपऱ्यावर आम्हाला हेच शिकवलं होतं: चढाईवाल्याच्या हाताकडे बघू नको, कंबर कुठे वळते ते बघ.

कबड्डीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट इथे नेमकी लागू पडते. कोपऱ्याची पकड खरोखर जबर असेल तर चढाईवाले त्या बाजूला यायचंच सोडतात. मग त्या कोपऱ्याच्या नावावर पकडी कमी दिसतात, पण निम्मं मैदान त्याने बंद केलेलं असतं. पकडींची यादी वाचणाऱ्याला हे दिसत नाही. बचावपटू मोजताना मी आधी हेच विचारतो: त्याच्यामुळे समोरच्याने काय करायचं सोडलं?

मधल्या माणसाला टाळणं अवघड, म्हणून डोनाल्डवर प्रत्येक डावात दोन माणसं खर्च व्हायची. ही त्याची किंमत होती. टोकाच्या माणसाला मात्र टाळता येतं. डाव दुसऱ्या बाजूने चालवायचा. मग ग्रीनला का टाळता आलं नाही? कारण दुसऱ्या टोकाला रिकी जॅक्सन होता. तोच जॅक्सन जो पुढे न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून खेळून २०१० मध्ये व्यावसायिक हॉल ऑफ फेममध्ये गेला. इकडे आड तिकडे विहीर. डोनाल्डच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा सर्वांत बळकट मुद्दा आहे आणि तो खोडता येत नाही. ग्रीनला सोबत होती, डोनाल्डला नव्हती. १९८० च्या त्या पिट संघात तर आक्रमणात डॅन मरिनो होता, मार्क मे होता, रस ग्रिम होता, जिंबो कव्हर्ट होता. मागे असं घर असलं की बचावाला दम खायला मिळतो, आघाडीवर असताना खेळायला मिळतं, आणि आघाडी असली की समोरचा चेंडू फेकतो, म्हणजे सॅकची संधी वाढते.

आकड्यांबद्दल मात्र एक सावधगिरी, कारण लॅबमधली मंडळी ग्रीनचे ५३ विरुद्ध डोनाल्डचे २९.५ अशी सॅकची बेरीज-वजाबाकी करून मोकळी होतील. तसं करू नका. बचावाचे आकडे एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची संघटना, अधिकृतपणे २००० पासून ठेवते. त्याआधीचे आकडे त्या त्या विद्यापीठाने स्वतः मोजलेले. अर्धा सॅक कुणाला द्यायचा, कशाला सॅक म्हणायचं, याचे नियम प्रत्येकाचे वेगळे. बाउल सामन्यांतले आकडे अधिकृत नोंदीत धरायला सुरुवात झाली २००२ मध्ये. त्यामुळे हे दोन आकडे एका तराजूत बसत नाहीत. दुसरीकडे, ग्रीनच्या काळात संघ आजच्यापेक्षा पुष्कळ कमी वेळा चेंडू फेकायचे. जेवढ्या वेळा क्वार्टरबॅक फेकायला मागे सरकतो तेवढ्याच वेळा सॅक शक्य असतो. हे धरलं तर ५३ मधले काही सढळ हाताने दिलेले असले तरी आकडा मोठाच राहतो.

मग ग्रीनकडे माप झुकतं कशामुळे? माझ्या दृष्टीने कालावधीमुळे. डोनाल्ड २०१० मध्ये राखीव होता. २०११ मध्ये तो उगवला, ११ सॅक केले. २०१२ मध्ये सॅक साडेपाचवर आले, जरी मागच्या मागे आडवे करण्याचे डाव वाढून १८.५ झाले. तो खऱ्या अर्थाने देशाला दिसला २०१३ मध्ये. म्हणजे दोन उत्तम वर्षं आणि एक अद्भुत वर्ष. ग्रीनची पहिल्या दुपारपासून चार वर्षं, त्यातली तीन देशातल्या सर्वोत्तम अकरांत. एकच हंगाम निवडायला सांगितला तर मी डोळे झाकून डोनाल्डचा २०१३ घेईन. पिटच्या कुठल्याही बचावपटूने त्याहून चांगला एक हंगाम खेळला असं मला वाटत नाही. पण प्रश्न हंगामाचा नाही.

दुसरं कारण प्रसंगाचं. ग्रीनच्या चार वर्षांत पिट ३९ जिंकलं, ८ हरलं, १ बरोबरीत सुटला. पहिल्या दोन वर्षी राज्यातल्याच प्रतिस्पर्धी पेन स्टेटकडून हार, १५-१३ आणि १७-१०. नंतरच्या दोन वर्षी विजय, २९-१४ आणि १४-९. या भागात राहिलेल्याला विचारा, पेन स्टेटला हरवणं म्हणजे काय. आणि १९८० च्या हंगामाचा शेवट गेटर बाउलने झाला, समोर साउथ कॅरोलायना. म्हणजे ज्याने ग्रीनला हाइझमनमध्ये मागे टाकलं तोच जॉर्ज रॉजर्स. पिट ३७-९ ने जिंकलं आणि देशात दुसऱ्या क्रमांकावर राहिलं. डोनाल्डच्याही वाट्याला त्या वर्षीचा हाइझमन विजेता आला होता: २०१३ चा पहिलाच सामना, फ्लोरिडा स्टेटच्या जेमिस विन्स्टनचं पदार्पण, २७ पैकी २५ पास पूर्ण, पिट ४१-१३ ने पराभूत. यात डोनाल्डचं काही चुकलं नाही, मी वर म्हटलंच आहे. पण मोठ्या दिवशी मोठं खेळायची संधी ग्रीनला वारंवार मिळाली आणि ती त्याने घेतली. संधी न मिळणं हा डोनाल्डवर अन्याय होता. तो मला मान्य आहे, पण त्याची भरपाई मी कल्पनेने करू शकत नाही.

बाकीची नावं कुणी काढलीच तर: जो श्मिट, १९५० ते १९५२, पिट्सबर्गचाच लाईनबॅकर (पुढच्या रांगेमागचा बचावपटू), जो पुढे डेट्रॉइटला जाऊन त्या जागेचा आदर्श ठरला, पण त्याची खरी उंची तिकडची. माइक डिटका दोन्ही बाजूंनी खेळायचा, पंटही मारायचा, मात्र लोकांच्या लक्षात तो पास झेलणारा म्हणून राहिला. डॅरेल रेव्हिस, डिटकाच्याच अलिक्विपा गावचा, तीन वर्षं खेळून गेला. २००६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध त्याने पंट परत आणताना मारलेली ७३ यार्डांची धाव इथले लोक अजून सांगतात, पण ती बचावात मोजायची नाही. या तिघांपैकी कुणीही वरच्या दोघांच्या रांगेत बसत नाही.

लॅबमध्ये वाद पुढे न्यायचा असेल तर दोन सामने शोधून सगळ्यांनी मिळून बघा. आधी २०१३ चा जॉर्जिया टेकचा: ९७ नंबरवर नजर ठेवा, आणि चेंडू सुटताना त्याच्या समोरचे किती जण वळतात ते मोजा. मग १९८० चा गेटर बाउल: ९९ नंबर, बाहेरच्या टोकाला. चेंडूकडे बघू नका. डाव त्याच्या विरुद्ध बाजूला गेला की तो काय करतो तेवढंच बघा, आणि तो डाव संपेपर्यंत फीत थांबवू नका.